कौलंच घालायची, स्लॅब नको

बाळा,

तू व्हॉट्सअपवर पाठवलेला गावच्या नव्या घराचा प्लॅन बघितला. बाबांना आवडला, पण त्यांना तू केलेलं सगळंच आवडतं. मला नाही आवडला. फोनवर तू "आई ऐक ना" करत मला बोलूच देत नाहीस म्हणून हे लिहितेय, नीट वाच.

आधी स्लॅबचं. आपल्या गोव्यात पेडण्याला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तुमच्या बेंगळुरूच्या जवळजवळ तिप्पट, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्येच. सपाट छपरावर पाणी साचणार, चार पावसाळ्यांत गळायला लागणार, मग तू वर पत्रे घालणार. गावात येताना बघ, लाखो रुपये घालून बंगला आणि डोक्यावर निळे पत्रे! त्यापेक्षा उतरतं छप्पर, मंगळुरी कौलं आणि वळचण भिंतीच्या चांगली बाहेर. भिंती जांभ्या चिऱ्याच्याच. चिरा खाणीतून काढला की मऊ असतो आणि वाऱ्यावर राहून घट्ट होतो, म्हणून आजोबा चिरे आणून आधी अंगणात रचून ठेवायचे आणि आम्ही पोरं त्यावर चढून अभ्यास करायचो (म्हणजे करत नव्हतो). पण चिरा पाणी पितो. तू ती पश्चिमेची भिंत फोटोत छान दिसते म्हणून उघडी ठेवलीस, पाऊस नेमका तिकडूनच येतो. तिथे पडवी येणार.

दुसरं, फॉल्स सीलिंग. मग चवथीला गणपतीच्या डोक्यावरची माटोळी कुठे बांधायची? नारळ, सुपारीचे घड, तवशी, निरफणस, रानातली कांगलां, वजन किती होतं तुला माहितीय, तू स्वतः स्टुलावर उभा राहून बांधलीयस. देवाच्या खोलीत वर लाकडी वासे पाहिजेत म्हणजे पाहिजेत.

आता मुख्य गोष्ट, तो मागचा होमस्टे. हप्ते निघतील हे तुझं गणित बरोबर असेल, पण ही जागा मला कशी मिळाली ते तू विसरतोस. आपल्या गोव्यात पोर्तुगीजांच्या 1867 च्या सिव्हिल कोडपासून वारशात मुलगी आणि मुलगा सारखेच धरतात, पण कागदावर असलं म्हणून काय, आमच्या वाड्यावरच्या कितीतरी जणींनी भावांशी संबंध बिघडायला नकोत म्हणून गपचूप हक्क सोडून दिला. तुझ्या मामांनी मला तसं कधी विचारलंही नाही. इन्व्हेंटरीच्या, म्हणजे कोर्टातल्या वाटणीच्या वेळी दोघं मामा आणि दोघी माम्या (आपल्याकडे नवरा-बायको मिळकतीचे अर्धे-अर्धे मालक, म्हणून त्यांच्याही सह्या लागतात) कामं टाकून कोर्टात आले, सह्या केल्या आणि विहिरीकडचा बरा तुकडा मला दिला. आता त्याच घरभाटात, म्हणजे घराभोवतीच्या जागेत, त्याच विहिरीवर, मामीच्या तुळशीसमोर मी शनिवार-रविवारी अनोळखी माणसं आणून बसवू? त्यांनी एका शब्दाने काही म्हटलं नसतं, म्हणूनच मला जमणार नाही. शिवाय मोपाचा विमानतळ 2023 ला सुरू झाला तेव्हापासून आमच्या तालुक्यातल्या जमिनीवर सगळ्यांचा डोळा आहे, रोज कोणीतरी गाडी थांबवून "विकायची आहे का" विचारतो, त्यात आपणच घरातून धंदा सुरू केला तर कोणत्या तोंडाने बोलायचं?

पैशाचं म्हणशील तर घरच लहान करू. दोन खोल्या, देवाची खोली, सैपाकघर, पुढे सोपा. बाबांच्या पेन्शनमध्ये आणि माझ्या पीएफमध्ये बसतं, कर्ज नको आणि तुझे पैसेही नकोत. तू तिथे येऊन राहावंस म्हणून मी बांधत नाहीय हे पण सांगून ठेवते, तुझं बेंगळुरूला चांगलं चाललंय ते चालू दे. मला स्वतःला तिथे राहायचंय. पुण्यात एवढी वर्षं काढली, शेजारी चांगले मिळाले, सगळं खरं, पण सकाळी उठून कोणाशी आपल्या बोलीत भांडायला मिळत नाही.

कागदांची चिंता नको. जमीन घरासाठी वापरायची सनद झाली, टाऊन प्लॅनिंगची फाईल फिरतेय, मग पंचायतीचं लायसन आणि आरोग्य केंद्राची एनओसी. मामा रोज कुठल्यातरी ऑफिसात जाऊन बसतो, त्याला तेवढाच विरंगुळा.

तुझ्या खोलीची खिडकी विहिरीकडे हवी की फणसाकडे तेवढं कळव, शुक्रवारी आर्किटेक्टला ड्रॉइंग द्यायचंय. फणसाकडे म्हणशील तर मे महिन्यात माश्या येतात, नंतर मला सांगू नकोस. आणि चवथीचं तिकीट मोपाचं काढ, दाबोळीला उतरलास तर मामा काय एवढ्या लांब घ्यायला यायचा नाही.

आई