कोपरखैरण्यातील ॲग्रीमेंटवाल्या काकांना, आम्हा चौघींकडून

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आपण करून दिलेल्या आमच्या भाडेकराराची मुदत आता संपत आली आहे. या काळात घरमालक, सोसायटी आणि आम्ही चौघी यांच्यात पैशांवरून किंवा हक्कांवरून एकदाही वाद झाला नाही, आणि याचे श्रेय करार करताना आपण घेतलेल्या कष्टांना आहे, असे आमचे चौघींचेही ठाम मत आहे. आपले आभार त्या वेळी दारातच मानले होते. तरीही हे पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण शिक्षण संपवून नवी मुंबईतील ऐरोली, महापे, रबाळे भागात नोकरीला लागणारी आणि घणसोली-कोपरखैरण्यात तिघाचौघांत मिळून घर घेणारी मुले-मुली दर पावसाळ्याच्या तोंडावर एजंटकडून एकच सल्ला ऐकतात: "नाव एकाचंच टाका, बाकीचे राहतीलच की." आम्हालाही तोच सल्ला मिळाला होता, आणि आपण नसता तर आम्ही तो मानलाही असता.

घरात तेव्हा सामान असे काही नव्हते. आपण जमिनीवर मांडी घालून बसलात, आमच्या एका सूटकेसवर लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र ठेवलेत आणि मसुदा उघडण्याआधी विचारलेत, "राहणार किती जणी?" चौघी, असे सांगितल्यावर "मग नावं चार" एवढेच म्हणून आपण आमची आधार कार्डे मागितलीत. एजंटला हे रुचले नव्हते, कारण चौघींचे ठसे, फोटो आणि तपशील भरायचे म्हणजे तासभर जास्त जाणार होता. आपण तो वेळ दिलात. नाव एकीचे असले तर कागदावर राहणारीही ती एकटीच, भाड्याची जबाबदारी तिची, अनामत परत घेण्याचा हक्कही तिचाच आणि उरलेल्या तिघी केवळ तिच्याकडे आलेल्या पाहुण्या, हे आपण ज्या शांतपणे समजावलेत, तसे त्याआधी आम्हाला कोणीही समजावले नव्हते.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज आमच्यातील प्रत्येकीच्या घरी होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मुदत कितीही असो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते, हे आम्हाला आपल्याकडून कळले. खर्चाचा हिशेबही आपण आमच्याच वहीत मांडून दाखवलात. मुदतीचे एकूण भाडे, त्यात परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला 10 टक्के दराने धरलेले व्याज, आणि या बेरजेवर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क. शिवाय शहरी भागासाठी 1,000 रुपये नोंदणी फी. अकरा महिन्यांसाठी दरमहा चोवीस हजार भाडे आणि एक लाख अनामत धरली, तर मुद्रांक शुल्क सातशेच्या आसपास जाते. चौघींत वाटल्यावर ही रक्कम इतकी किरकोळ ठरत होती की ती वाचवण्यासाठी साध्या स्टॅम्प पेपरवर भागवण्याचा विचार तिथेच संपला.

आमच्यातील यवतमाळची मैत्रीण रबाळ्याच्या एका प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर रसायने हाताळून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत, त्यामुळे यंत्र तिचा अंगठा घेईना. एजंट तेव्हा पुन्हा म्हणाला, "हिचं नाव वगळा ना." आपण त्याच्याकडे लक्षही न देता तिला कोमट पाण्याने हात धुऊन यायला सांगितलेत, स्वतःच्या रुमालाने यंत्राची काच पुसलीत, तिच्या अंगठ्याला खोबरेल तेलाचे बोट लावून ते कोरडे करवलेत आणि "सावकाश टेक बाळा, दाबू नकोस" असे म्हणत राहिलात. ठसा उमटेपर्यंत आपला आवाज एकदाही चढला नाही. पुढे त्याच नोंदणीकृत दस्ताच्या आधारे तिने आधारवरचा पत्ता बदलला आणि बँकेत खाते उघडले. नाव वगळले असते, तर या शहरात तिच्याकडे स्वतःच्या पत्त्याचा एकही कागद नसता. ती हे पत्र आत्ता माझ्या शेजारी बसून वाचते आहे आणि हा परिच्छेद मोठा ठेव, असा तिचा आग्रह आहे.

करारातील प्रत्येक कलम आपण मोठ्याने वाचलेत. लॉक-इनच्या, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही त्या मुदतीपाशी थांबून, त्याआधी घर सोडल्यास काय द्यावे लागेल हे विचारायला लावलेत. वापराने होणारी साधी झीज आणि आम्ही केलेले नुकसान यांत फरक करणारे वाक्य मालकांशी फोनवर बोलून घालून घेतलेत. पंखे, गीझर, नळ यांची यादी जोडायला सांगितलीत आणि न्हाणीघरातील तडकलेल्या फरशीचा फोटो त्याच दिवशी मालकांना पाठवायला लावलात. अनामत एकीच्या खात्यातून न देता चौघींनी आपापल्या खात्यातून द्यावी आणि ते व्यवहार करारात लिहावेत, ही सूचनाही आपलीच होती.

याशिवाय, आपल्या कामाचा भाग नसताना, आपापसांत एक साधा कागद लिहून ठेवा असे आपण सुचवलेत: कोणी मध्येच गेली तर किती दिवस आधी सांगायचे, नवी मुलगी कोण शोधणार, तिची अनामत जाणारीला कशी मिळणार. मैत्रिणींमध्ये असे लिहिणे आम्हाला थोडे परके वाटले होते. चिपळूणच्या मैत्रिणीला पुण्यात नोकरी लागली तेव्हा तोच कागद समोर ठेवून आम्ही सगळे एका संध्याकाळी मिटवले, आणि आजही ती सुट्टीला हक्काने इथे येऊन राहते. नव्या मुलीला नुसते ठेवून घेऊ नका, दस्त नव्याने करा, हे सांगायलाही आपण विसरला नाहीत आणि मालकांचा ठसा घेण्यासाठी डोंबिवलीपर्यंत जाऊन आलात.

सोसायटीच्या समितीतील एक गृहस्थ एका रात्री वर आले होते. एका मुलीच्या नावावर चार जणी राहतात, अशी तक्रार त्यांच्याकडे गेली होती. आम्ही चौघींच्या फोटोंसह असलेला दस्त आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची पोच त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उभ्यानेच वाचली, परत दिली आणि पुन्हा कधी तो विषय निघाला नाही. घरी आईवडिलांना फोनवर हे सांगताना आम्हाला किती सुरक्षित वाटले, हे आपल्याला कळावे अशी फार इच्छा होती.

आपण घेतलीत ती ठरलेली फी. हे सारे समजावण्यासाठी दिलेल्या वेळाचे, डोंबिवलीच्या फेरीचे आपण काहीच घेतले नाही. या सगळ्याबद्दल आम्ही आपल्या मनापासून ऋणी आहोत.

मालकांनी पुढील मुदतीसाठी होकार दिला आहे. नावे चारच राहतील, अनामत तीच आहे, भाडे मात्र थोडे वाढले आहे. सर्वांची कागदपत्रे तयार आहेत. आपल्याला सोयीचा रविवार कळवावा. या वेळी घरात टेबल आहे, आणि जेवायला थांबावे, ही आग्रहाची विनंती.

आपल्या कृतज्ञ,
कोपरखैरण्यातील चौघी