चार्जर अडवला, म्हणून खिडकीतून वायर लोंबते

माननीय सहकारमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

कोथरूडला आमची 28 फ्लॅटची जुनी सोसायटी आहे. दिवाळीत इलेक्ट्रिक गाडी बुक केली आणि त्याच आठवड्यात पार्किंगमधल्या चार्जरच्या ना-हरकतीसाठी अर्ज दिला. वार्षिक सभेत कुणीतरी विचारलं, "आग लागली तर जबाबदार कोण?" तिथेच विषय लांबणीवर पडला. आज 8 महिने झाले, लेखी नकारसुद्धा हातात नाही.

ती भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. 7.4 किलोवॉटचा चार्जर 32 अँपिअर करंट तासन् तास खेचतो, म्हणजे दीड टनाचे चार-पाच एसी एकदम लावल्यासारखं. माझं रोजचं जाणं-येणं 40 किलोमीटर. त्याला सहाएक युनिट लागतात आणि ती 3.3 किलोवॉटच्या चार्जरवर दोन तासांत भरतात, म्हणून मी लहानच निवडला. माझ्याच मीटरवरून पाइपातून स्वतंत्र वायर, जास्त करंट खेचला तर बंद पडणारा वेगळा एमसीबी, करंटची गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि सगळा खर्च माझा.

लायसनवाला वायरमन पाहणीला आला. त्याने मीटर रूममध्ये न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर लावला, तर 11 व्होल्ट. "दोन-तीनच्या आत हवेत, तुमचा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलाय," तो म्हणाला. गळती झालेला करंट सुरक्षितपणे जमिनीत जातो तो याच अर्थिंगमुळे. म्हणजे हा दोष सगळ्या 28 घरांचा होता, आणि चार्जरच्या निमित्ताने तो दुरुस्त झाला असता. अजून तसाच आहे.

दरम्यान पहिल्या मजल्यावरच्या एका घराने स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक्स्टेन्शन सोडून स्कूटर चार्ज करायला सुरुवात केली. त्यांना दोष कसा देऊ? परवानगी मागून काय मिळतं, ते त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं. परवा रात्री त्या प्लगला हात लावला तर चटका बसला. पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडलं होतं.

घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं आहे. नव्या इमारतींसाठी केंद्राच्या आदर्श बांधकाम उपविधींत 2019 पासून 20 टक्के पार्किंगमध्ये चार्जिंगच्या सोयीची तरतूद आहे. जुन्या सोसायट्यांत मात्र सगळं कमिटीच्या सहीवर अडतं, आणि गृहनिर्माण संस्था आपल्या खात्याकडे येतात.

म्हणून विनंती, गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत एवढं घाला: अर्जावर 30 दिवसांत निर्णय, आणि नकार द्यायचा तर लेखी, लायसनधारक ठेकेदाराने तपासलेल्या तांत्रिक कारणासकट. इमारतीचा मंजूर भार कमी पडत असेल तर तो वाढवून घेण्याचा अर्ज सोसायटीने करावा, एकेका सभासदाला हेलपाटे घालायला लावू नये. माझ्या अर्जातही खरा दोष निघाला तर मी तो मान्य करीन, दुरुस्त करून पुन्हा अर्ज देईन.

पाऊस सुरू झाला आहे, महोदय. ती वायर अजून त्याच खिडकीतून लोंबते आहे.

आपली नम्र,
एक सभासद, कोथरूड, पुणे