शैक्षणिक ॲनिमेशनचा वेग विचारपूर्वक ठरवावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरातील एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आल्यापासून वर्गात ॲनिमेशन दाखवणे नेहमीचे झाले आहे; मात्र ते कोणत्या वेगाने दाखवावे, याचा विचार फारसा होत नाही. तास संपत आला की ते दुप्पट वेगाने पुढे नेले जाते, आणि ही चूक मीही केली आहे.

सूत्री विभाजनाचे, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याचे, ॲनिमेशन असेच घाईने दाखवल्यावर मुलांनी चारही अवस्थांची नावे क्रमाने सांगितली, पण पश्चावस्थेत गुणसूत्रे कशामुळे दोन बाजूंना ओढली जातात, हे विचारताच वर्ग गप्प झाला. दुसऱ्या दिवशी तेच निम्म्या वेगाने, दोन ठिकाणी थांबवून दाखवले, तेव्हा गुणसूत्रांना ओढणारे तंतू त्यांना नेमके कुठे जोडलेले असतात, असे एका मुलीने आपणहून विचारले. आदल्या दिवशी तिला ते तंतू दिसलेच नव्हते.

पुस्तकातील आकृतीकडे पुन्हा वळून पाहता येते. हलते चित्र मात्र पुढे सरकते आणि मागचे ध्यानात धरूनच पुढचे पाहावे लागते. रिचर्ड मेयर आणि पॉल चँडलर या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वीज कशी पडते याचे ॲनिमेशन छोट्या तुकड्यांत दाखवले होते. सलग पाहणाऱ्यांपेक्षा पुढचा तुकडा स्वतः कळ दाबून सुरू करणाऱ्यांना मिळालेले ज्ञान नव्या प्रश्नांना अधिक चांगले लावता आले.

तरीही सावकाश दाखवणे नेहमीच हिताचे असते, असे नाही. लंबकाच्या घड्याळावरील २००८ च्या एका अभ्यासात वेगवान ॲनिमेशनच यंत्रणा समजण्यास अधिक उपयोगी ठरले. लंबकाची हालचाल सहज डोळ्यांत भरते, पण घड्याळाला चालवणारे वजन इतके हळू उतरते की वेग वाढवल्याशिवाय ते उतरताना जाणवत नाही. यंत्रमागांच्या या शहरात हे वेगळे समजावून सांगायला नको: आडवा धागा नेणारा धोटा इतक्या झपाट्याने जातो की त्याचा मार्ग नजरेला सापडत नाही, आणि कापड रुळावर इतके संथ गुंडाळले जाते की रूळ स्थिरच भासतो. मागाचे ॲनिमेशन एकाच वेगाने दाखवले, तर या दोहोंपैकी एक गोष्ट मुलांच्या हातून निसटणारच.

म्हणून शिक्षकांनी वर्गात जाण्यापूर्वी प्रत्येक ॲनिमेशन निदान दोन वेगांनी स्वतः पाहावे, आणि ते तयार करणाऱ्यांनी वेग बदलण्याची व थांबवण्याची सोय मुलांनाही सहज सापडेल अशा जागी द्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका, सोलापूर