विमानाला रंग लावण्याआधी निचरा पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संग्रहालयातले निवृत्त लढाऊ विमान कळकट दिसू लागले की 'रंगरंगोटी करा' अशी मागणी होते. ती चुकीची नाही, पण क्रम उलटा आहे. गोव्यात दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयातल्या सी हॅरियरसारखे विमान समुद्राच्या वाऱ्यावर उघड्यावर उभे असते. भारतीय नौदलात १९८३ ते २०१६ अशी सेवा बजावलेल्या या जातीला आता धोका आहे तो आत साचणाऱ्या पाण्याचा.

पावसात विमानाची पाठ धुऊन निघते. पोट आणि चाकांचे कप्पे मात्र कोरडेच राहतात आणि वाऱ्याने आणलेले मीठ तिथे थरावर थर साचते. त्यामुळे तपासणी करायची तर खाली वाकावे. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही. पोलादी स्क्रूभोवती रंगाला फुगा येतो आणि तो नखाने फोडला की पांढरी भुकटी निघते. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी, की झिजते ते ॲल्युमिनियमच. स्टेनलेसचा चकचकीत स्क्रू बसवूनही हे टळत नाही. तो सीलंट, म्हणजे पाणी अडवणारा लेप, लावूनच बसवावा. अशा फुग्यांवरून नवा रंग मारला तर भुकटी आतल्या आत पसरत राहते आणि पुढे पत्र्याला पापुद्रे सुटतात.

हॅरियरची रचनाही इथे आडवी येते. हवा आत घेणाऱ्या दोन्ही गालांभोवती झडपा आहेत. इंजिन बंद असताना वरच्या झडपा स्वतःच्या वजनाने आत लोंबकळतात, म्हणजे पाण्याला आणि साळुंक्यांना दार उघडेच. पक्ष्यांच्या घरट्यातला काडीकचरा ओल धरतो. आतले पेगॅसस इंजिन बाहेर काढायचे तर अख्खा पंख उचलावा लागतो, तेव्हा 'नंतर बघू' म्हणण्याची सोय नाही. हवा घेणारी तोंडे आणि इंजिनाचा झोत बाहेर सोडणारी चारही नॉझल बारीक जाळीने बंद करावीत. प्लायवूड ठोकू नये, कारण हवा कोंडली की आत दव धरते. पंख टोकांकडे उतरते असल्याने पाणीही तिकडेच धावते. टोकांजवळची निचऱ्याची छिद्रे पावसाळ्यापूर्वी तारेने मोकळी करावीत.

टायर बसू नयेत म्हणून विमान आधारांवर उचलतात. ते योग्यच, फक्त आधार ठरलेल्या जॅकिंग पॉइंटखाली, म्हणजे विमान उचलण्यासाठी नेमलेल्या जागांखाली, द्यावेत आणि विमानाचा कल चाकांवर असतानाइतकाच ठेवावा. कल बदलला की छिद्रे सर्वांत खाली राहत नाहीत.

धुताना गोडे पाणी आणि सौम्य साबण पुरतो. जोराच्या फवाऱ्याने मीठ सांध्यांत घुसते. कॅनोपीला, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक छताला, थिनर किंवा पेट्रोल लावले की ॲक्रिलिकवर जाळीसारख्या भेगा पडतात आणि त्या परत जात नाहीत. प्लास्टिकची ताडपत्रीही नको. ती वाऱ्याने घासते आणि खाली वाफ धरते.

एवढे झाल्यावर रंग. जुन्या प्राइमरमध्ये, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थरात, गंज रोखणारे क्रोमेट असू शकते. ते विषारी आहे, म्हणून कोरडे घासू नये. ओल्या कागदाने, मास्क लावून घासावे. आणि ब्रश हातात घेण्याआधी विमानाचा क्रमांक, बारीक सूचना आणि सी हॅरियर उडवणाऱ्या नौदलाच्या ३०० स्क्वाड्रनचे चिन्ह असलेला पांढरा वाघ जसाच्या तसा, त्याच मापात ट्रेसिंग पेपरवर उतरवून ठेवावा. अंदाजाने काढलेला वाघ पुढच्या रंगकामात मांजर होतो.

आपला,
एक वाचक