तक्रार: एसएफटीपी खात्यांची होम डिरेक्टरी आणि तुमच्या सपोर्टचं 777

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक साहाय्य विभाग

आत्ताच तुमच्या सपोर्टशी बोलून फोन ठेवला. 'आणखी काही मदत हवी आहे का?' असं शेवटी विचारलं गेलं. आधीची मिळाली असती तर आणखी मागितली असती.

मुद्दा तुम्हाला माहीत असणारच, सर्व्हर सांभाळायचं हे पॅनेल तुमचंच आहे. एसएफटीपीचं (सर्व्हरवर सुरक्षितपणे फायली पाठवायची पद्धत) नवं खातं काढलं की पॅनेल होम डिरेक्टरी, म्हणजे युजरचा स्वतःचा फोल्डर, तयार करतं आणि तिची मालकी त्या युजरला देऊन टाकतं. एसएसएचडीच्या, म्हणजे लॉगिन स्वीकारणाऱ्या प्रोग्रामच्या, कॉन्फिगमध्ये मात्र तीच होम क्रूट म्हणून, म्हणजे युजरला जिच्या बाहेर जाता येत नाही असं कुंपण म्हणून, लावतं. क्रूटपर्यंतच्या वाटेवरचा प्रत्येक फोल्डर रूटच्या (सर्व्हरच्या मुख्य प्रशासकाच्या) मालकीचा हवा आणि ग्रुपसकट इतर कुणालाही तिथे लिहिता येता कामा नये, ही ओपनएसएसएचची (एसएसएचडी त्याचाच भाग) अट. क्रूटची सोय 2008 मध्ये आली तेव्हापासूनची. म्हणजे तुमचं पॅनेल जे खातं देतं ते लॉगिन होऊच शकत नाही. एका हाताने दार बसवायचं आणि दुसऱ्या हाताने ते भिंतीत चिणायचं, आणि दोन्ही हात तुमचेच!

मी ते हाताने सुधारलं. होम रूटच्या नावावर, परमिशन 755 (लिहिता फक्त मालकाला येतं, बाकीच्यांना नुसतं वाचता), आत युजरच्या मालकीचा 'अपलोड' फोल्डर. चाललं. पण लॉगिन झालेला क्लायंट उतरतो वरच्या फोल्डरमध्ये, तिथे फाइल टाकायला जातो आणि 'परमिशन डिनाइड' खातो. इंटर्नल-एसएफटीपीला (एसएसएचडीतला फायली हाताळणारा भाग) मायनस डी हा पर्याय देऊन सुरुवात थेट 'अपलोड'मध्ये करता येते. ती एक ओळ लिहायला पॅनेलमध्ये जागा नाही, आणि फायलीत हाताने लिहिली तर पॅनेल पुसून टाकतं. ही ओळ कुठे टाकू, एवढंच विचारायला फोन केला होता.

उत्तर आलं: 'मॅडम, 777 देऊन बघा.'

कशाला? 'होम डिरेक्टरीला.' मी म्हटलं, तीच क्रूट आहे, 777 दिलं तर एसएसएचडी आतच घेणार नाही. त्यावर, अगदी लहान मुलाला समजावावं तसं: 'मॅडम, 777 म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी. मग अडचण येईलच कशी?' फोन चालू असतानाच मी चाचणीच्या खात्याला 777 दिलं आणि लॉग वाचून दाखवला. पासवर्ड स्वीकारला, आणि लगेच पुढे 'फेटल: बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर क्रूट डिरेक्टरी', म्हणजे क्रूटची मालकी किंवा परमिशन चुकीची. थोडी शांतता. मग: 'आपण पासवर्ड रीसेट करून बघू या.' अहो, पासवर्ड स्वीकारला असं तुमचाच सर्व्हर म्हणतोय! 'हो मॅडम, पण प्रोसीजर आहे.'

प्रोसीजर पार पडली. मग वरिष्ठांनी फोन घेतला आणि सांगितलं, 'क्रूटच काढून टाका, म्हणजे होईल.' होईल ना! एक क्लायंट वरच्या फोल्डरमध्ये चढेल, बाकीच्या क्लायंटची नावं वाचेल, आणि तुमच्या सल्ल्याने जिथे जिथे 777 दिलं असेल तिथल्या फायलीही खुशाल उघडेल. खात्यांना कुंपण घातलं होतं ते हेच टाळायला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. क्रूटच्या मुळाशी युजरला लिहू दिलं तर तो तिथे स्वतःचं ईटीसी नाहीतर लिब (सिस्टिमच्या सेटिंगचे आणि लायब्ररींचे फोल्डर) उभारून प्रोग्रामना फसवू शकतो, म्हणून ही अट आहे. व्हीएसएफटीपीडी हा एफटीपी सर्व्हरसुद्धा 2.3.5 या आवृत्तीपासून लिहिता येणारं क्रूट नाकारतं. जगाला कळलेली ही गोष्ट सपोर्टपर्यंत पोचवायचं काम माझं नव्हे.

आणि तुमची ती रात्रीची 'परमिशन दुरुस्ती'. काय दुरुस्त करते? मी रूटला दिलेली मालकी परत युजरला देते. सकाळी सगळे क्लायंट बाहेर, आणि फोन मला. ती बंद करायचं बटण नाही. विचारलं तर उत्तर काय असेल ते आता मला पाठ आहे: 777.

पॅनेल बदला. क्रूट रूटच्या मालकीचं राहू द्या, लिहिण्याचा फोल्डर त्याच्या आत बनवा, सुरुवातीची डिरेक्टरी निवडायला एक चौकट द्या, आणि रात्रीच्या त्या उद्योगातून एसएफटीपीची खाती वगळा. तुमचं पॅनेल मी स्वतः इतरांना सुचवत आले आहे. आता त्यांनी कारण विचारलं तर हा लॉग पाठवणार आहे.

महिनाअखेरपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर नूतनीकरण करणार नाही, सगळी खाती साध्या सर्व्हरवर हलवीन आणि कॉन्फिग हाताने लिहीन. खाती पॅनेलमधून एक्स्पोर्ट करायची लिंक तेवढी चालू करून द्या. सध्या तीही 'परमिशन डिनाइड' म्हणते.

एक ग्राहक