परकोटाचा दगड घरी पोचवणाऱ्या भाऊंना

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. चंद्रपूरच्या पठाणपुरा दरवाजाजवळ दर रविवारी सकाळी झाडू, विळा घेऊन किल्ल्याचा परकोट, म्हणजे शहराभोवतीची तटबंदी, साफ करणारे तुम्ही, आणि नागपूरहून एक दगड घेऊन आलेली मी. एवढी ओळख पुरे.

तो दगड नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी विहिरीपाशी होता. आजी त्यावर कपडे धुवायची. चंद्रपूर सोडताना आजोबांनी ढासळलेल्या भिंतीतला तो उचलून आणला होता. आजी म्हणायची, "हा राजाच्या परकोटाचा, यावर पाय नको देऊ." घर पाडायची वेळ आली तेव्हा मजुराने तो उलटा केला आणि खाली टाकीचे घाव दिसले, तिरपे, एकासारखे एक. कुणा पाथरवटाने शेकडो वर्षांपूर्वी घातलेले. तो मलब्यात जाऊ द्यायला माझं मन होईना.

तो परत करायला चार महिने मी एका कार्यालयात खेटे घातले. एका साहेबांनी विचारलं, चोरीचा आहे का? दुसरे म्हणाले, एका दगडाने किल्ल्याला काय फरक पडतो, टाका कुठेतरी. ज्यांच्या भरवशावर ह्या भिंती सोपवल्या, त्यांच्या तोंडचे हे शब्द आहेत भाऊ, अजून डोक्यातून जात नाहीत. मी तिथून रडतच घरी आले होते.

म्हणून त्या रविवारी तुमच्यासमोर गाडीची डिक्की उघडताना मी घाबरले होते. तुम्ही काही विचारलं नाही. दगड दोघांनी उचलला, मी तो खाली टेकवणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "थांबा ताई, खाली नका ठेवू, माती लागन." आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून, झटकून, दुहेरी घडी करून जमिनीवर अंथरलात.

दगडाला माती लागेल म्हणून! शतकानुशतकं ऊन, पाऊस आणि इरई नदीचे पूर सोसलेल्या भिंतीतला तो दगड. आमच्या घरी साबणाच्या पाण्यात त्याने कित्येक वर्षं काढली. पण तुम्ही त्याला पाहुण्यासारखं बसवलंत. माझ्या आजीच्या हातांचा मान त्या घडीत होता, असं मला वाटलं.

मग तुम्ही मला भिंतीच्या कडेकडेने फिरवलंत. फटीतलं पिंपळाचं रोप उपटायचं नाही, उपटलं की मुळासोबत दगडही निघतो, ते हळू कापून मूळ मारायचं, हे मला ठाऊकच नव्हतं. जुन्या चुन्याच्या सांध्यावर सिमेंट थापलं की आतली ओल कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात, हेही तुम्ही बोटाने दाखवलंत. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने वर्धेकाठचं बल्लारपूर सोडून इरई आणि झरपटच्या संगमावर हे शहर वसवलं. परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे. तुम्ही बगड, हनुमान, विठोबा, मसण, चोर अशी खिडक्यांची नावं घेत होता, जणू घरातल्या लेकरांची.

भोसल्यांच्या महालात वाढलेली मी. १७५१ मध्ये पहिल्या रघुजींनी चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, घेतला, हे आम्हाला पाठ. पण मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफांनी ह्याच परकोटाला खिंडार पाडलं आणि किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडले, हे मात्र मी तुमच्या तोंडून ऐकलं. नागपुरातली सीताबर्डीची लढाई आधीच्या नोव्हेंबरात झाली होती. नागपूर पडल्यावर सुद्धा हा किल्ला लढत होता, आणि आम्ही नागपूरकरांनी त्याची कधी आठवण काढली नाही.

पगार नाही, हुद्दा नाही, तरी रविवारची झोप सोडून भिंतीवरचा झाडोरा काढणारी तुमच्यासारखी माणसं आहेत, म्हणून परकोट अजून दिसतो तरी. आजी असती तर तुमच्या हातावर गुळाचा खडा ठेवला असता.

दगड त्याच्या मूळ जागी बसेल की नाही, ते जाणते मिस्त्री ठरवतील. तो परकोटाच्या सावलीत आहे, मला एवढंच हवं होतं.

आणि भाऊ, गडबडीत तुमचा दुपट्टा माझ्याच पिशवीत आला. धुऊन, घडी करून ठेवला आहे. पुढच्या रविवारी घेऊन येते, आणि विळाही आणते.

तुमची,
महालातली ताई