थोडे भांडवल यंत्रात अडकू नये

महोदय,

घरगुती व्यवसायाचा विचार निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न कर्जाचा विचारला जातो. कर्जाची सोय आता आहेही. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज काहीही तारण न ठेवता मागता येते. परंतु हाती आलेली रक्कम कशात घालावी आणि कशात घालू नये, हे सांगणारे कोणी भेटत नाही, आणि खरी चूक तिथेच होते.

मी व माझ्या जाऊबाईंनी भाजणी आणि मेतकूट विकायला सुरुवात केली, तेव्हा जमवलेल्या ८०,००० रुपयांपैकी ६०,००० रुपये दळण्याच्या आणि पाकिटे बंद करण्याच्या यंत्रांत घातले. ती दिवसातून जेमतेम तासभर चालत. गल्लीतले गिरणीवाले तेच दळण किलोच्या दराने करून देण्यास तयार होते. दिवाळीच्या तोंडावर मागणी वाढली, तेव्हा इंदूरच्या सियागंज बाजारातून डाळी-तांदूळ घाऊक भावाने उचलण्याइतकी रोकड आमच्याकडे उरली नव्हती. तोच माल किरकोळ भावाने घ्यावा लागला आणि नफा त्यातच गेला. त्यातून दुकानदारांकडची उधारी दोन-दोन महिने वसूल होत नसे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार अशा पैशांसाठी लेखी करार करूनही ४५ दिवसांपेक्षा अधिक मुदत ठेवता येत नाही. मात्र या संरक्षणासाठी लागणारी लहान उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी, जी पूर्णपणे मोफत होते, आम्ही केलीच नव्हती.

थोडे भांडवल असे सामानात अडकू नये, यासाठी इंदूरमधील मराठी मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. ज्यांच्या सभागृहांना स्वयंपाकघर आहे, मोठी पातेली आणि शेगड्या आहेत, आणि ज्यांचे हे सारे सामान लग्न-मुंजी व उत्सव सोडले तर कुलूपबंद असते, त्यांनी ते सोमवार ते गुरुवार ताशी माफक भाड्याने उपलब्ध करून द्यावे. अन्नसुरक्षेची नोंदणी जागेनुसार होत असल्यामुळे नुसती तोंडी परवानगी पुरणार नाही. मंडळाने वापराचे लेखी संमतीपत्रही द्यावे. स्वच्छता आणि गॅसचा खर्च वापरणाऱ्यांनी उचलावा, हे उचितच आहे.

फराळाच्या ऑर्डरी नवरात्रापासूनच येऊ लागतात. मंडळांच्या कार्यकारिणींनी त्याआधीच्या बैठकीत हा विषय घ्यावा.

आपली नम्र,
एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर